पहिल्या फेकीचा मासा

आमच्याकडे एक रीत आहे. नवा पाग पहिल्यांदा पाण्यात पडला की त्या पहिल्या फेकीला जे लागेल ते पाग विणणाऱ्याच्या घरी जातं. पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, खाली शिशाच्या गोळ्या, वर ओढायची दोरी. बोईट मासा लागो, चार कोळंब्या लागोत, नाहीतर चिखलातला एखादा खेकडा, तो विणणाऱ्याचा. पाग घेणाऱ्याने तो मासा विकायचा नाही की स्वतः खायचा नाही. आणि विणणाऱ्यानेही नको म्हणायचं नाही. माझ्या मामाने हे मला सांगितलं तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा असेन. "जाल्यात आपली बोटं गेलेली असतात," तो म्हणाला, "म्हनून पयला मासा बोटांचा."

मी किती पाग विणले ते मोजलं नाही. त्यांचे पहिले मासे मी ताठ मानेने खाल्ले, एक सोडून. त्या एकाबद्दल लिहायचं आहे. मी चौथीपर्यंत शिकलो, तीही पुरी नाही, त्यामुळे लिहायला वेळ लागतो. पण तोंडाने सांगायला गेलो की मी माझीच बाजू घेतो, हे मला माहीत आहे. कागदावर सारवासारव करण्याइतकं माझं अक्षर चांगलं नाही.

पाग विणायला शिकलो तो मामाकडे, करंज्याला. उन्हाळ्याच्या सुट्टीत आई मला तिथे सोडायची. बाहेर बोंबील वाळत घातलेले, आणि मामा पडवीच्या खांबाला दोरा बांधून, पाय पसरून विणत बसलेला. त्याने मला बांबूची सुई दिली आणि एक गाठ शिकवली. मी दिवसभर तीच गाठ मारत बसायचो. बाकीची पोरं खाडीत पोहायची. मला बोलवायला आली की मी त्यांच्यावर ओरडायचो. एवढं वेड मला दुसऱ्या कशाचं लागलं नाही, लग्नाचंसुद्धा नाही. बायको हे वाचणार नाही म्हणून लिहितो.

मोठा झाल्यावर कंपनीत लागलो, पॅकिंगला. खोकी चिकटवायची, पट्टी मारायची, ढकलायची. बरीच वर्षं केलं. डब्याच्या सुट्टीत मी खिशातून सुई काढायचो आणि टेबलाच्या पायाला दोरा बांधून विणायचो. एक दिवस नवा सुपरवायझर आला, माझ्याहून वयाने लहान. सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, ही कंपनी आहे, कोळीवाडा नाही."

मी हजेरीचं कार्ड त्याच्या हातात दिलं. "मग सांबाल तुजी कंपनी," म्हणालो, आणि चालत घरी सुकापूरला आलो. भर दुपार होती. बायको दारात तांदूळ निवडत होती.

"सुट्टी लवकर झाली?"

"कायमची झाली."

तिने सूप खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा उचललं. दुसऱ्या दिवसापासून ती कोन गावातल्या तिच्या भावाच्या मळ्यावरून भाजी आणून पनवेलच्या बाजारात बसायला लागली. मी पडवीत खांबाला दोरा बांधला. जाणारा-येणारा विचारायचा, काय चाललंय? मी म्हणायचो, "धंदा. मी माझा मालक." पहिली तीन-चार वर्षं त्या मालकाचं पोट तिच्या टोपलीवर चाललं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. आज लिहितो आहे.

पण नंतर जम बसला. खाडीवरचे, नदीवरचे लोक यायला लागले. माझा पाग हवेत उघडला की पुरता गोल उघडतो, परातीसारखा. त्याचं कारण असं की मी तो वरच्या टोकापासून गोल गोल विणत आणतो, प्रत्येक फेरीत जाळ्याची घरं वाढवत. बाजारातला पाग मशीनच्या जाळ्याचे तुकडे कापून जोडलेला असतो, त्याला उभी शिवण असते, आणि शिवण असली की पाग एका बाजूला ओढतो. एक पाग विणायला मला महिना-दीड महिना लागायचा. मन लागलं तर विणायचं, भरती चांगली असली तर सुई ठेवून गाढी नदीवर जायचं. कुणाला विचारायचं नाही. मुलगा बेलापूरला ऑफिसात जातो, त्याला मी चिडवायचो, "टायमाला गेला, टायमाला आला. तुज्यापेक्षा कोंबडा बरा. तो मनानं तरी आरवतो."

मुलगा डबा उचलून निघायचा. सून बोलायची. "बाबा, कोंबड्याला पीएफ नसतो." ती हुशार आहे. तिनेच मोबाईलवर माझा व्हिडिओ काढला. मी पडवीत विणत बसलोय आणि बोलतोय, असा. मला वाटलं घरातलेच बघतील, म्हणून मी जोरात होतो. म्हणालो, "माझ्या पागाला शिवन नसते. ज्याला शिवन दिसंल त्यानं मला चपलेनं मारावं."

तो व्हिडिओ कुठे कुठे गेला. उरण, अलिबागहून फोन आले. आसपासच्या इमारतींतले साहेब लोक आले, रविवारी मासे मारायला जाणारे. एका बाईने दिवाणखान्यात भिंतीवर लावायला पाग मागितला, तिला मी हाकलून दिलं. पाग कोरडा राहिला तर तो पडदा झाला. सून म्हणाली, "बाबा, गिऱ्हाइकाशी असं बोलतात का?" मी म्हणालो, "मालक मी हाय."

त्याच सुमारास माझे डोळे गेले. म्हणजे एकदम गेले नाहीत. आधी दोऱ्यावर धुकं आल्यासारखं झालं. मग दुपारी उन्हात बसलो तरच गाठ दिसायची. मी बोटांनी चाचपून विणत होतो, पण घरं मोजताना चुकायचो. एका फेरीत दोन घरं जास्त, पुढच्या फेरीत एक कमी. बायकोच्या ध्यानात आलं. "डोल्यांना दाखवा," ती म्हणाली. "मोतीबिंदू हाय. माज्या आईला पन असाच होता."

"माजे डोले मला ठाव हायत," मी म्हणालो.

आणि तेव्हाच माझा मित्र आला.

आम्ही दोघे एकाच वर्गात होतो, एकाच वर्षी शाळा सोडली. तो पनवेलचा, मुसलमान मोहल्ल्यातला. वडिलांचं दुकान होतं, पण म्हाताऱ्याचा सगळा जीव पागात. संध्याकाळी दुकान बंद केलं की बापलेक खाडीवर. मोठा झाल्यावर हा कुवेतला गेला तो तिथेच राहिला, कायमचा परत आला तेव्हा दाढी पांढरी झाली होती. सुनेचा व्हिडिओ त्याने तिथेच बघितला होता म्हणे. पडवीत आला तो ओरडतच.

"काय रे म्हाताऱ्या! चपलेनं मारायची फार हौस आहे तुला?"

"बस," मी म्हणालो. "तू अजून जिवंत हायस?"

"अल्लाची मेहरबानी. तुझी पण दिसते." मग त्याने टांगलेल्या अर्ध्या पागाला हात लावून बघितला. "अब्बांचा पाग वाळवीनं खाल्ला. मी तिकडे असताना. यार, मला एक विणून दे. दिवाळीनंतर मुलीकडे जायचंय कुवेतला, तीन-चार महिन्यांसाठी. त्याच्या आधी खाडीवर एकदा फेकायचाय, जिथे अब्बा उभे राहायचे तिथे. मग पुढे मी जगलो न जगलो."

बायको आतून ऐकत होती. ती चहा घेऊन बाहेर आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मी नाही म्हणावं म्हणून उभी होती. मला सांगता आलं असतं, गड्या, डोळे दगा देतात, थांब. तो थांबला असता.

मी म्हणालो, "दिवालीच्या आत घे."

विणायला बसलो. पाच दिवसांनी बघितलं तर वरचा भाग वाकडा. उसवला. पुन्हा बसलो. चौथ्या फेरीत घरं चुकली, पुन्हा उसवला. असं किती वेळा झालं सांगत नाही. दोरा केसाळ झाला. सून म्हणाली, "बाबा, मी मोजून देऊ का घरं?" मी तिला म्हणालो, "तू मोबाईल मोज." दिवाळी तीन आठवड्यांवर आली आणि खांबाला वीतभर पाग लटकत होता.

एका सकाळी मी बायकोला म्हणालो, शिसं संपलंय, करंज्याला जाऊन येतो. शिसं पनवेलला पण मिळतं, हे तिला ठाऊक आहे. एसटीने उरण, तिथून रिक्षाने करंजा. बंदरावर लिलाव चालला होता, बायका टोपल्या पुढे सरकवत होत्या. मामाच्या घराच्या जागी आता दोन मजली घर झालंय, तिकडे मी बघितलं नाही. बंदराजवळ एका दुकानात तयार जाळी टांगलेली असतात. दुकानदाराने चांगला बघून एक पाग काढून दिला. विचारलं, "काका, नदीला की खाडीला?"

"नातेवाईकाला," मी म्हणालो. का म्हणालो कोण जाणे.

घरी आणला. चार दिवस पडवीत न बसता मागच्या दारी बसलो. मशीनच्या दोऱ्याला एक चकाकी असते, ती जावी म्हणून पाग चहाच्या चोथ्याच्या पाण्यात भिजत ठेवला. तळाच्या गोळ्या काढून माझ्या गोळ्या लावल्या. मासा अडकतो ते खालचे खिसे माझ्या पद्धतीने बांधले. आणि शिवणीवर, खालच्या हातभर भागात, चाचपून चाचपून माझ्या गाठी मारल्या. त्यावरच्या शिवणीला हात लावला नाही. एवढ्या वर कोण बघतो?

कंपनीत खोक्याला पट्टी वाकडी लागली तर सुपरवायझर खोकं परत फेकायचा. त्याचा मला राग यायचा. इथे मागच्या दारी मी होतो आणि पाग होता. परत फेकणारा कुणी नव्हता. मी माझा मालक होतो आणि मालकाने ते खोकं पास केलं.

बायको भांडी घासायला मागे आली. पागाकडे बघितलं, बादलीतल्या चहाच्या पाण्याकडे बघितलं.

"एवढ्यात झाला?"

"झाला."

ती भांडी घासायला बसली. नेहमी ती भांडी घासताना काहीतरी बोलते. त्या दिवशी नुसती राख घासल्याचा आवाज.

मित्र दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आला. पाग दोन्ही हातांत घेतला, डोळ्यांना लावला. "बरकत होईल तुझ्या हाताला," म्हणाला. ठरलेले पैसे दिले. मी घेतले. तेही घेतले. वर त्याला म्हणालो, "सांबालून फेक, कंबर लचकंल." आम्ही दोघे हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात. लुंगी गुडघ्यापर्यंत ओली, हातात पिशवी, पिशवीत तीन बोईट, अजून जिवंत. ती रीत मला त्या क्षणापर्यंत आठवली नव्हती. सगळं केलं, चहाचं पाणी केलं, गोळ्या बदलल्या, आणि जी गोष्ट मामाने पहिल्या दिवशी सांगितली तीच विसरलो.

"भाभी!" त्याने हाक मारली. "पहिल्या फेकीचे आहेत. याला खाऊ घाला."

"बसा ना भावजी, चाय घ्या."

"नाही भाभी, घरी वाट बघतायत." जाताना माझ्याकडे बघून थोडा थांबला. मला वाटलं काही बोलणार. मग म्हणाला, "पाग चांगला पडतो," आणि गेला.

बायकोने मासे साफ केले, चिंच घालून कालवण केलं, तांदळाची भाकरी केली. माझं ताट वाढलं. तिन्ही मासे माझ्याच ताटात.

"तू?"

"मी नाय खात," ती म्हणाली. "ज्यानं विनला त्यानं खायचे. अशीच रीत हाय ना?"

ती समोर बसून राहिली. मी म्हणालो असतो, उचल हे, मला जात नाही, तर सगळं तिथेच संपलं असतं. पण ताटात टाकणं म्हणजे कबूल करणं. मी तिन्ही मासे खाल्ले. डोकी चोखली. भाकरीने ताट पुसलं. एवढा हट्ट मी आयुष्यात दुसऱ्या कशासाठी केला नसेल.

त्याहून वाईट पुढे आहे. सुनेने दारातल्या त्या पिशवीचा फोटो काढला होता. तिने तो मोबाईलवर टाकला, खाली लिहिलं की आमच्या बाबांच्या पागाला पहिल्याच फेकीला तीन बोईट. दोन दिवसांत नव्या चार मागण्या आल्या. ती हसत सांगायला आली आणि मी तिच्यावर तुटून पडलो. "तुला कुनी सांगितलं होतं? घरातल्या गोष्टींचा तमाशा करतेस!" शेजारी ऐकू गेलं. ती मग म्हणाली, "बाबा, मी तुमचं नाव वाढवत होते." आणि माझ्यासमोर तिने सगळं पुसून टाकलं, तो जुना व्हिडिओसुद्धा. गुन्हा मी केला आणि मार तिने खाल्ला. तिची माफी मागायला मला दोन महिने लागले, तीही सरळ मागितली नाही. तिला म्हणालो, "घरं मोजायला शिकवतो, बस." ती बसली, हे तिचं मोठेपण.

मित्र कुवेतला गेला. मी डोळ्याच्या ऑपरेशनला तयार झालो. बायकोला आश्चर्य वाटलं नाही. पट्टी निघाली तेव्हा पहिल्यांदा खांबाला लटकलेला तो वीतभर पाग बघितला. आंधळ्याने गवत वळावं तशा गाठी. तो कापून टाकला आणि नवा धरला. पहिल्या डोळ्यानंतर सुरू केला, दुसऱ्या डोळ्याच्या वेळी थांबलो, मग पुन्हा. सून शेजारी बसून घरं मोजायची. हिवाळा सरेपर्यंत विणत होतो. कुणी मागितलेला नव्हता.

मित्र परत आल्याचं कळलं तेव्हा मी पाग पिशवीत घातला आणि पनवेलला गेलो. तो खाडीच्या बाजूला घराबाहेर खुर्ची टाकून बसला होता. मी उभ्यानेच बोललो, बसलो असतो तर दुसरंच काहीतरी बोलून आलो असतो. "तो पाग मी विनलेला नाय. करंज्याला विकत घेतला. डोले गेले होते. तुला खोटं दिलं. हा घे, हा माजा."

त्याने मग वाकून पायातली चप्पल काढली आणि मांडीवर ठेवली.

"मारू?"

मी मान खाली घातली. खरंच मारेल असं वाटलं, आणि बरं वाटलं.

"अरे शहाण्या," तो म्हणाला, "पहिल्याच फेकीला कळलं मला. एका बाजूला ओढला. मग वर हात लावून बघितलं तर शिवण. मी परदेशात होतो, आंधळा नव्हतो."

"मग मासे का आनलेस?"

"तू खातोस का बघायला." त्याने चप्पल खाली टाकली. "मला वाटलं तू घेणार नाहीस. दारातच सांगशील. मी दोन मिनिटं थांबलो पण. घरी जाऊन बायकोला म्हटलं, त्यानं खाल्ले गं."

एवढं बोलून त्याने पिशवीतला पाग काढला. वरच्या टोकापासून खालपर्यंत एका बोटाने फिरत गेला, पुरती गोल फेरी केली. शिवण शोधत होता. मला तेव्हा जे वाटलं ते लिहिता येत नाही. माझ्या पागात कुणी शिवण शोधेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"घेतो," तो म्हणाला.

दोन दिवसांनी भरतीच्या वेळी मी खाडीवर गेलो. त्याने बोलावलं नव्हतं. तो गुडघाभर पाण्यात, त्याचे अब्बा उभे राहायचे तिथेच. नवा पाग पहिल्यांदाच फेकला. हवेत पुरता उघडला, परातीसारखा, आणि एकदम सगळीकडून पाण्यावर पडला. ओढला तर आत एक मोठं बोईट होतं, हातभर. त्याने ते काढून कमरेच्या पिशवीत टाकलं आणि मला बघितलं.

"काय बघतोस?" तो ओरडला. "तुझा पहिला मासा तू मागेच खाल्लास!"

तो हसला. मीही हसलो. त्याने माझ्यावर खोटा राग धरला नाही, आणि जे माझं नव्हतं ते मला दिलंही नाही. बरोबर केलं त्याने.

घरी आलो तर बायकोने वाटण वाटून ठेवलं होतं. चिंच भिजत घातलेली.

"मासा?"

"नाय दिला."

तिने मग टोपलीतून चार वांगी काढून चिरली आणि त्या वाटणात टाकली. दोन ताटं घेतली आणि या खेपेला ती माझ्याबरोबर जेवायला बसली.